ऑगस्टात रंगलेला मेपल

आमच्या स्टँबॉ घराण्यात लोकशाही आहे, असं एल्डोरा नेहमी सांगते. एल्डोरा म्हणजे माझी थोरली नणंद आणि घराण्याची अध्यक्ष. दर दोन वर्षांनी निवडणूक होते, तिच्याविरुद्ध उभं राहायची कुणाची छाती होत नाही, आणि ती एकमताने निवडून येते. सगळं आयुष्य गावच्या पोस्टात पोस्टमास्तर म्हणून काढलेली बाई. तिकीट वाकडं चिकटवलेलं दिसलं तरी पाकीट परत करायची, मग ते सख्ख्या भावाचं का असेना.

ऑगस्टचा दुसरा रविवार हा आमच्या मेळाव्याचा दिवस. ओहायोभर पांगलेले स्टँबॉ त्या दिवशी गाड्या भरून येतात आणि आमच्या मागच्या अंगणात उतरतात. प्रार्थना होते, मग हॅम, उकडलेली मक्याची कणसं, मसाला भरलेली अंडी, माझं बटाट्याचं सॅलड आणि कुणी कधी खात नाही तरी दरवर्षी येते ती हिरवी जेली. पुरुषमाणसं घोड्याचे नाल फेकायचा खेळ खेळतात आणि कंबर धरून बसतात. पीचचा पाय, म्हणजे फळ भरून भाजलेला गोड पदार्थ, खाऊन झाला की घराण्याची सभा. सभा म्हणजे खरीखुरी सभा, ठराव, अनुमोदन, हात वर करून मतदान. सगळ्यात वयस्क हजर माणसाला बक्षीस असतं. हल्ली ते एल्डोराच एल्डोराला देते आणि आम्ही टाळ्या वाजवतो.

सभेतला शेवटचा ठराव म्हणजे पुढच्या वर्षीची जागा. पूर्वी त्यावर चर्चा व्हायचीच नाही. जागा म्हणजे माझ्या नवऱ्याचं, डेल्बर्टचं अंगण, आणि अंगण म्हणजे तो भलामोठा ॲश वृक्ष, माझ्या सासऱ्यांनी लावलेला. सगळे स्टँबॉ त्याच्याखाली मावायचे आणि वर कुत्र्यांनाही जागा उरायची. मग तो हिरवा भुंगेरा आला. त्याने गावातले सगळे ॲश पोखरले, तसा आमचाही पोखरला. झाड पाडलं त्या दिवशी डेल गॅरेजमध्ये जाऊन रेडिओ मोठा करून बसला होता.

त्यानंतरचा पहिला मेळावा भर उन्हात झाला. भाड्याचे तंबू आणले, तर आत पाव भाजून निघेल इतकं गरम. डेलच्या एका चुलत बहिणीला भोवळ आली आणि ती बीन्सच्या पातेल्यात पडता पडता वाचली. सभेत आमचा पुतण्या क्लेटन उभा राहिला. क्लेटन विमा विकतो, त्यामुळे त्याला सगळीकडे धोका दिसतो.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "काउंटीच्या पार्कात शेड आहे. पक्कं छप्पर, पंखे, शेजारी बाथरूम. म्हाताऱ्या माणसांचे हाल कशाला करायचे?"

म्हणणं खोटं नव्हतं. माणसं माना डोलवायला लागली. तेवढ्यात माझा नवरा उभा राहिला, जो सभेत कधी चकार शब्द बोलत नाही.

"मला पाच वर्षं द्या," तो म्हणाला. "मी सावली देतो."

हे तो का म्हणाला ते मला माहीत होतं. आम्हाला मूलबाळ नाही. सासऱ्यांची शेती केव्हाच विकली गेली, उरलं ते हे घर आणि हे अंगण. वर्षातून एक रविवार इथे पोरं धावतात, कुणीतरी कुंपणावरून पडतं, कुणाचा तरी बूट छपरावर जातो. दुसऱ्या दिवशी डेल शिडी लावून तो बूट काढतो आणि आठवडाभर खुशीत असतो. तो रविवार पार्कात गेला असता तर या घरात मीटर वाचायला येणाऱ्या माणसाशिवाय कुणी फिरकलं नसतं.

एल्डोराने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "पाच वर्षांत सावली? काय लावणार आहेस, छत्री?"

"मेपल."

"ओक लाव. बाबा म्हणायचे, लावायचं तर ओक."

"ओकची सावली यायला मी शंभरीचा व्हायला हवा, एल्डोरा."

"मग हो की. तुला कुठे कामं आहेत."

तरीही पाच वर्षांचा ठराव मंजूर झाला. पुढच्या आठवड्यात आम्ही नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्याने आधी चंदेरी मेपल दाखवला. म्हणाला, वाढायला याच्यासारखा कुणी नाही. डेल म्हणाला, मोडायलाही नाही; शेजारच्या घरी बर्फाच्या वादळात चंदेरी मेपलची अख्खी फांदी त्यांच्या नव्या गाडीवर आली होती. मग त्याने युरोपातून आलेला एक मेपल दाखवला. त्याची सावली दाट, पण खाली गवत उगवत नाही, आणि बी उडून रानात घुसतं. डेलने त्यालाही नाक मुरडलं. "आपल्याच मातीतलं दाखवा. पण भरभर वाढणारं," तो म्हणाला. अशा रीतीने आमच्याकडे तांबडा मेपल आला. ओहायोच्या कुठल्याही ओढ्याकाठी हा आपोआप उगवतो आणि तिथे त्याला कुणी विचारत नाही. आमच्याकडे तो ट्रकमधून आला, मुळांना गोणपाट गुंडाळून, आणि डेलने त्याचं स्वागत जावई आल्यासारखं केलं.

पहिल्या उन्हाळ्यात त्याची सावली अर्धी खुर्ची होती. म्हणजे डेल घडीची खुर्ची टाकून बसला की डोकं सावलीत आणि ढेंगा उन्हात. ऊन सरकलं की तोही खुर्ची सरकवायचा. दुपार संपेपर्यंत झाडाभोवती अर्धी फेरी व्हायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची आणि हसायची. पण झाड वाढत होतं, हे खरं. एका वर्षात हातभर, कधी त्याहून जास्त. तिसऱ्या वर्षी दोन खुर्च्या मावल्या आणि मी पहिल्यांदा माझी कॉफी घेऊन तिथे जाऊन बसले. तेव्हा डेल माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसला.

आता मल्चबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिथे घडलं. दर एप्रिलमध्ये आमच्या शाळेतली बँडची पोरं दारोदार मल्चची पोती विकतात, म्हणजे झाडांच्या सालींचा चुरा. कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर बँडला ट्रंपेट कुठून मिळणार? मग शनिवारी सगळी गल्ली फावडी घेऊन बाहेर पडते आणि प्रत्येकजण आपल्या झाडाच्या बुंध्याशी तो चुरा रचतो. मधोमध खोड आणि भोवती टोकदार डोंगर. ज्याचा डोंगर उंच, त्याचं घर नीटनेटकं असं आमच्या गल्लीत मानतात. जुना चुरा काढायचा नसतो, त्यावर नवा टाकायचा असतो. डेल तर सगळ्यांपेक्षा दोन पोती जास्त घ्यायचा. हातांनी थापून थापून असा गुळगुळीत डोंगर करायचा की शेजारीपाजारी थांबून पाहायचे. मीसुद्धा कौतुक करायची. आपल्या झाडाला पांघरूण घालायला कुणाला आवडत नाही?

पाचव्या वर्षी, मेळाव्याच्या आठवडाभर आधी, मेपल रंगायला लागला.

पश्चिमेकडची एक बाजू आधी नारिंगी झाली, मग लाल. अशी लाल की खिडकीतून स्वयंपाकघरात उजेड पडावा. एरवी आमच्याकडे हा रंग ऑक्टोबरात येतो आणि त्यासाठी शहरातली माणसं गाड्या काढून बाहेर पडतात. आमचं झाड ऑगस्टात नटून उभं. डेलचे पाय जमिनीवर ठरेनात. हार्डवेअरच्या दुकानात, चर्चमध्ये, न्हाव्याकडे, सगळीकडे एकच गोष्ट.

"अख्ख्या काउंटीत पहिला माझा रंगला," तो सांगायचा.

मेळाव्याच्या रविवारी जो तो येऊन आधी झाडापाशी गेला. पुतण्यांच्या बायकांनी पोरांना खाली उभं करून फोटो काढले. क्लेटनसुद्धा म्हणाला, "काका, हे मानलं पाहिजे." सावली मात्र बेताची होती, लाल बाजूची पानं लहान आणि विरळ होती, पण त्या रंगापुढे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एल्डोरा तेवढी हातातली काठी टेकवत झाडाभोवती फिरली आणि म्हणाली, "मला नाही आवडलं."

"तुला कधी काय आवडलंय?" डेल म्हणाला.

"ऑगस्टात मेपलने रंगायचं काही कारण नाही."

"हौस म्हणून रंगला. तुझी परवानगी घ्यायला हवी होती का?"

उन्हाचा कडाका होता, म्हणून तिने खुर्ची अगदी खोडाजवळ ओढून घेतली, डोंगराच्या उतारावरच, आणि बसली. हॅमची ताटली मांडीवर घेतली. आणि आमच्या डोळ्यांदेखत खुर्चीचे मागचे दोन्ही पाय हळूहळू मल्चमध्ये रुतत गेले. अध्यक्ष आधी मागे कलल्या, मग बाजूला झुकल्या आणि शेवटी अलगद डोंगरावर उतरल्या. ताटली मात्र हातात सरळ होती. कुणाचीही हसायची हिंमत झाली नाही. मी हसले. मला नाही आवरत.

दोघे पुतणे तिला उठवायला धावले. तिने हात झटकले. उठण्यासाठी आधार घ्यायला म्हणून तिने उजवा हात मल्चमध्ये खुपसला होता आणि तो कोपरापर्यंत आत गेला होता. ती तशीच बसून राहिली, हात आत, चेहऱ्यावर पोस्टात हरवलेलं पार्सल शोधतानाचा भाव.

"डेल," ती म्हणाली, "तुझ्या झाडाची सुरुवात कुठे होते?"

"म्हणजे?"

"जमिनीशी झाड रुंद होतं. घोटा असतो, मग पाऊल पसरतं, मग मुळं. हे सरळ खांबासारखं आत चाललंय. माझे घोटे दिसत नाहीत ते ठीक आहे, मी ब्याऐंशीची आहे. या पोराचे का दिसत नाहीत?"

मग तिने हात बाहेर काढला. बोटांत मुळ्यांचा झुपका होता, दोऱ्यासारख्या बारीक. मुळं जमिनीत जायची सोडून वर चढली होती, त्या चुऱ्यात.

डेल गुडघ्यांवर बसला आणि हातांनी उकरायला लागला. क्लेटन त्याच्या शेजारी बसला, इस्त्रीच्या पँटमध्ये. मग बाकीचे आले. फावडं एकच होतं, म्हणून कुणी कागदी ताटल्या घेतल्या, कुणी माझ्या बटाट्याच्या सॅलडमधला मोठा चमचा उचलून नेला. तो मला माझ्या आईने लग्नात दिलेला. मी ओरडणार होते, पण डेलचा चेहरा पाहिला आणि चमचा जाऊ दिला.

पाच वर्षांचा डोंगर होता. वरचा थर कोरडा, आतला काळा, ओला, आंबूस वासाचा. सगळा उपसला तेव्हा खालचं खोड दिसलं, ओलसर साल भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी मऊ पडलेली. आणि त्याला पश्चिमेच्या बाजूने एक मूळ विळखा घालून बसलं होतं, मनगटाएवढं जाड. दोन भोकं जास्त ओढलेला कंबरपट्टा असावा तसं ते खोडात रुतलं होतं. त्याच्या बरोबर वर झाडाची लाल बाजू होती.

"गळा आवळलाय त्याचा," एल्डोरा म्हणाली. "ती बाजू रंगली नाही, डेल. मरते आहे."

अति तिथे माती म्हणतात. डेल गुडघ्यांवर बसून त्या मुळाकडे पाहत राहिला. "मी तर दरवर्षी ताजं घालत होतो," तो म्हणाला. एवढंच. मला इतकं वाईट वाटलं की मी जाऊन त्याच्या मागे उभी राहिले आणि त्याच्या शर्टाची कॉलर उगीचच सरळ केली. एल्डोराने एरवी अशा वेळी सोडलं नसतं. त्या दिवशी ती नुसती हातावरची माती झटकत बसली.

"कापावं लागेल," ती म्हणाली.

"मूळ कापायचं? झाडाचं?" डेल उठून उभा राहिला. "अगं, ते त्यावर जगतंय."

"ते त्यामुळे मरतंय."

"माझ्या गाडीत चेनसॉ आहे," एक पुतण्या म्हणाला. त्याला त्याच्या बायकोनेच हाताला धरून मागे नेलं.

"मी नाही कापू देणार," डेल म्हणाला.

एल्डोरा अजून डोंगराच्या उरल्यासुरल्या भागावर बसलेली होती. तिथूनच तिने काठी जमिनीवर आपटली. "सभा सुरू. ठराव, मूळ कापावं. अनुमोदन कोण देतं?"

पीचचा पाय खायच्या आधी सभा सुरू झाल्याची ही पहिलीच वेळ. अनुमोदन मी दिलं. हात वर झाले, सगळेच. डेलने हात वरही केला नाही आणि विरोधही केला नाही, सरळ गॅरेजमध्ये गेला. मला वाटलं, आता रेडिओचा आवाज येणार. पण तो पटाशी आणि हातोडी घेऊन परत आला.

"दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला.

त्याने दोन ठिकाणी कापलं. एकेक घाव इतका जपून की पोरंसुद्धा श्वास रोखून उभी. मधला तुकडा सुटला तेव्हा खोडावर त्याचा खोलगट वळ उमटलेला दिसला. त्यावर डेलने अंगठा फिरवला. मग आम्ही कोमट झालेलं सॅलड खाल्लं. कुणीतरी त्या हिरव्या जेलीचाही एक घास खाल्ला, इतकी सगळ्यांची मनं ठिकाणावर नव्हती.

शेवटचा ठराव राहिला होताच. क्लेटन उभा राहिला, आणि मला कबूल केलं पाहिजे की त्याला ते जड जात होतं. "काका, पाच वर्षं झाली. झाड जगेल न जगेल. पार्कात बुकिंग आत्ताच करावं लागतं."

सगळे एल्डोराकडे पाहायला लागले. तिने चष्मा पुसला, पुन्हा घातला. तिला म्हाताऱ्यांची काळजी होती, त्यांतली एक ती स्वतः होती. आणि नियम म्हणजे नियम.

"एक वर्ष," ती म्हणाली. "पुढच्या ऑगस्टात, दुसऱ्या रविवारी, मी स्वतः झाड तपासणार. हिरवं असलं तर मेळावा इथेच, आणि मी जिवंत आहे तोवर पार्कचं नाव काढायचं नाही. पण एक जरी पान लाल दिसलं, तर पार्क. मान्य?"

"मान्य," डेल म्हणाला.

"एक पान म्हणजे एक पान, डेल."

"मला ऐकू येतं, एल्डोरा."

ते वर्ष आमच्या घरात आजारी माणूस असल्यासारखं गेलं. डेलने आधी आमचा सगळा मल्च उचलून दूर गोल पसरला, पातळ, खोडापासून हातभर अंतर राखून. मग तो गल्लीत निघाला. लोकांच्या अंगणात वाकून त्यांच्या झाडांचे डोंगर उकरायला लागला, तेही न विचारता. समोरच्या बाईने मला फोन केला, "व्हर्ना, तुझा नवरा माझ्या चेरीच्या झाडापाशी चार पायांवर आहे. डॉक्टरला बोलावू का?" एप्रिलमध्ये बँडची पोरं आली तेव्हा त्याने पोती घेतली, पैसे दिले आणि दारातच त्यांना घोट्याचं प्रवचन ऐकवलं. बिचारी ट्रंपेटवाली मुलगी माना डोलवत राहिली.

मार्चअखेर एका सकाळी तो मला हाका मारत आत आला. झाड लाल झालं होतं. मी बाहेर जाऊन पाहिलं आणि म्हटलं, "अरे बाबा, फुलं आहेत ती. तांबडा मेपल आहे, मार्चमध्ये फुलतो. गेली पाच वर्षं फुलतोय." तो खजील झाला. मग पानं आली. पश्चिमेची बाजू थोडी मागे होती, पण आली. जुलैत पाऊस दडी मारून बसला, तेव्हा डेल रोज संध्याकाळी पाइप सोडून मुळांना सावकाश पाणी देत बसायचा. दरवर्षी आम्ही चार दिवस तळ्यावर जातो, तेही त्याने रद्द केलं. मी रागावले, कारण मला तळं आवडतं. पण ऑगस्ट उजाडला तेव्हा झाड हिरवं होतं. नुसतं साधं हिरवं, कुणी वळून पाहणार नाही असं, आणि मला ते जगातलं सगळ्यात सुंदर झाड वाटलं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी खुर्च्या मांडत होते आणि मला ते दिसलं. पश्चिमेकडच्या खालच्या फांदीवर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, एक पान. लालभडक. बाकी अख्खं झाड हिरवं आणि मध्ये ते एकच.

मी डेलला बोलावलं. तो येऊन फांदीखाली उभा राहिला.

"एक पान कुठेही होतं," मी म्हटलं. "कीड लागली असेल, फांदी दुखावली असेल. थांब, मी तोडते."

"नको." त्याने माझा हात धरला. "तिने नियम सांगितला, मी मान्य म्हटलं."

"डेल, एक पान."

"मी ते तोडलं तर उद्या त्या सावलीत मला बसता येणार नाही, व्हर्ना. राहू दे."

असल्या माणसाशी लग्न केलं की असल्या गोष्टी सोसाव्या लागतात. मी आत गेले आणि अंडी उकडायला ठेवली. रडू येत होतं, ते सॅलडसाठी चिरत असलेल्या कांद्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी कधी नव्हे इतकी माणसं आली. मागच्या वर्षी न आलेलेही आले, झाडाचं काय झालं ते पाहायला. क्लेटनने तर झाडांबद्दल वाचून काय काय गोळा करून आणलं होतं आणि सगळ्यांना घोटे समजावून सांगत होता. एल्डोरा आली ती थेट झाडापाशी गेली. चष्मा, काठी, काखेत पर्स. "सगळ्यांनी मागे व्हा," ती म्हणाली. सगळे मागे झाले. मी अध्यक्षांच्या पाण्याचा ग्लास धरून जवळ उभी होते, म्हणून मला तेवढं राहू दिलं.

पूर्वेकडून तिने सुरुवात केली. मान वर करून, एकेक फांदी, सावकाश. उत्तर झाली. दक्षिण झाली. डेल अंगणाच्या कडेला उभा होता, नजर स्वतःच्या बुटांवर. त्याला वर पाहवत नव्हतं. एल्डोरा पश्चिमेला वळली आणि त्या खालच्या फांदीपाशी थांबली.

तिने पान पाहिलं. मी तिला ते पाहताना पाहिलं. ती पाठीमागे न बघता तशीच उभी राहिली, घराण्याकडे पाठ करून. मग तिने काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात वर केला, फांदी बाजूला सारतेय असं दाखवत देठाशी पान खुडलं आणि पर्समध्ये टाकलं. पर्सची क्लिप लागल्याचा आवाज झाला. तिने माझ्याकडे पाहिलं. वाकड्या तिकिटासाठी पाकीट परत करणारी बाई, तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तोंड मीट, व्हर्ना," ती हळूच म्हणाली.

मी तोंड मिटलं.

ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, "हिरवं आहे."

डेलची मान झटकन वर आली. त्याने फांदीकडे पाहिलं. तिथे हिरव्याशिवाय काही नव्हतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मी सांगत नाही. पान मीच तोडलं, अशी त्याची खात्री पटली होती. तो पुढे आला.

"एल्डोरा, थांब, काल तिथे एक—"

"अध्यक्ष बोलत असताना मध्ये बोलायचं नाही."

"पण काल मी स्वतः—"

"मी कालचं झाड तपासायला आलेले नाही. आज, दुसरा रविवार, झाड हिरवं आहे. मेळावा इथे. कुणाची हरकत?" तिने क्लेटनकडे पाहिलं. क्लेटन आधीच टाळ्या वाजवत होता. "नाही. मग कणसं गार होतायत."

खुर्च्या सावलीत ओढल्या गेल्या. सगळ्या मावल्या नाहीत, अजून खूप वर्षं मावणार नाहीत. पण म्हाताऱ्या माणसांच्या मावल्या. एल्डोराने बूट काढले आणि सुजलेले पाय गवतावर ठेवले. पोरं झाडाभोवती पळत होती आणि पहिल्या तासातच कुणाचा तरी बूट छपरावर गेला.

डेल दुपारभर माझ्याशी बोलला नाही. हॅम वाढली, बोलला नाही. पीचचा पाय दिला, मान फिरवली. सगळ्या गाड्या गेल्यावर, ऊन उतरत असताना, आम्ही दोघं खुर्च्या घडी करत होतो तेव्हा तो म्हणाला, "तू ते पान तोडायला नको होतंस, व्हर्ना. मी सांगितलं होतं तुला."

आमच्या लग्नाला बावन्न वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी केलेल्या चुकांचीही मी फारशी माफी मागितलेली नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

मग त्याने घडी केलेल्या दोन खुर्च्या पुन्हा उघडल्या आणि सावलीत मांडल्या. एकीवर तो बसला आणि दुसरीवर हात ठेवून माझी वाट पाहू लागला.